पंच, प्रशिक्षक आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले आपण

तालुकास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक लागले की आमच्या तालुका क्रीडा संयोजकांची सर्वांत मोठी धावपळ पंचांसाठी सुरू होते. मैदान मिळते, रेषा आखायला फक्की मिळते, पाऊस असला तर कुठल्या तरी सभागृहात मॅट अंथरण्याची सोयही होते. पंच मात्र दरवर्षी कमी होत चालले आहेत. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. पश्चिम विदर्भातील एका तालुक्यात मुलामुलींचे कबड्डीचे आणि खो-खोचे संघ घेऊन मी स्पर्धांना जातो आणि आमच्या शाळेचा सामना नसेल तेव्हा शिट्टी घेऊन मैदानात उभाही राहतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे बोलणे माझ्या कानावर येते. पंच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, नियम तोंडपाठ असलेल्या एका तरुणाला यंदा बोलावले तेव्हा तो म्हणाला, "सर, गुण लिहाले बसतो, मैदानबी आखून देतो, पण शिट्टी मले नका देऊ जी." हे वाक्य मला फार लागले, कारण या मुलाला मी खेळाडू म्हणून पाहिले आहे आणि तो भित्रा नाही.

ग्रामीण भागातील शालेय सामन्यांत पंच म्हणून कोण उभे राहते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. तो बहुतेक वेळा दुसऱ्या शाळेचा शिक्षक असतो, किंवा गावातील जुना खेळाडू, किंवा महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा वा मुलगी. मानधन नाममात्र असते आणि तेही कधी वेळेवर मिळते, कधी मिळत नाही. कबड्डीच्या नियमांप्रमाणे एका सामन्याला एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. आमच्याकडे लिंबाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक गुणलेखक आणि मैदानावर एक, फार तर दोन पंच एवढ्यावर दिवसभराचे सामने निघतात. जो निर्णय सहा जणांच्या नजरेतून व्हावा अशी नियमांची अपेक्षा आहे, तो एकच माणूस उन्हात, सकाळपासून उभा राहून देत असतो.

यातील अडचण किती बारीक असते, हे बोनस गुणाच्या उदाहरणावरून कळेल. समोर किमान सहा बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. चढाई करणाऱ्या खेळाडूचा एक पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे पडला पाहिजे आणि त्याच क्षणी मागचा पाय जमिनीपासून सुटलेला असला पाहिजे. म्हणजे पंचाने पुढच्या पायाची टाच आणि मागच्या पायाचा चवडा एकाच वेळी पाहायचा, शिवाय चढाईचा दम चालू आहे की नाही हे ऐकायचे, कोपऱ्यातील बचावपटूचा हात लागला का याकडे लक्ष ठेवायचे आणि बचाव करणारी कोणी मैदानाबाहेर गेली का हेही बघायचे. ही सगळी क्रिया डोळ्याचे पाते लवण्याएवढ्या वेळात होते. जो प्रेक्षक मध्यरेषेजवळ किंवा चढाई करणाऱ्या मुलीच्या पाठीमागे उभा आहे, त्याला पुढचा पाय रेषेपलीकडे गेलेला दिसतो. मागचा पाय उचलला गेला की नाही, हे त्या जागेवरून नक्की सांगता येत नाही. पण ओरडणारा नेमका तिथेच उभा असतो.

सतरा वर्षांखालील मुलींच्या एका सामन्यात असेच घडले. शेवटची काही मिनिटे उरली होती आणि दोन्ही संघांच्या गुणांत फारसे अंतर नव्हते. एका मुलीने बोनससाठी पाय टाकला आणि ती परत मध्यरेषेवर आली. मैदानात पंच म्हणून एक तरुण मुलगी उभी होती. तिने बोनस नाकारला. चढाई करून आलेली खेळाडू काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली, कारण मागचा पाय टेकलेलाच होता हे तिला स्वतःला ठाऊक होते. मी गुणलेखकाच्या शेजारी होतो आणि तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. इतक्यात तिचे प्रशिक्षक खुर्चीवरून उठले, रेषेपर्यंत आले, दोन्ही हात पसरून त्यांनी पंचाकडे पाहिले आणि मग पाठ फिरवून प्रेक्षकांकडे तोंड केले. ते एक शब्दही बोलले नाहीत. पण तेवढ्याने काम झाले. "पंच सेट हाय बे!" असा पहिला आवाज आला आणि त्यानंतर जे काही आले ते इथे लिहिण्यासारखे नाही, त्यातील बराचसा भाग ती पंच मुलगी आहे यावरच होता. सामना संपल्यावर चार-पाच जण मोबाइल घेऊन तिच्याभोवती उभे राहिले. तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला तेव्हा ती तिथून निघाली.

संध्याकाळी बसथांब्यावर तोच संघ घरी जायला उभा होता. ज्या मुलीला दुपारी आपला पाय टेकल्याचे ठाऊक होते, तीच आता मैत्रिणींना सांगत होती की पंचाने आपल्याला हरवले. मला त्या सामन्यातील हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. पंचाचा अपमान झाला, तो वाईटच. पण एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या पायाने जे सांगितले होते, ते मोठ्या माणसांनी काही तासांत तिच्याकडून पुसून घेतले. पुढच्या वेळी तिचा बोनस नाकारला जाईल तेव्हा मागचा पाय का उचलला गेला नाही, हा प्रश्न तिला पडणार नाही. मग तिचा खेळ सुधारणार तरी कसा?

माझे म्हणणे असे आहे की या सगळ्याची सुरुवात प्रशिक्षकापासून होते आणि ते थांबवण्याची ताकदही प्रथम प्रशिक्षकाकडेच असते. पालकांना नियम पूर्ण माहीत नसतात. निर्णय बरोबर की चूक, हे ते आपल्या प्रशिक्षकाच्या हालचालीवरून ठरवतात. प्रशिक्षक शांत बसला, खेळाडूला "पुढची चढाई बघ" एवढेच म्हणाला, तर कडेचे लोकही थोडे कुरकुरून गप्प होतात, हे मी अनेक मैदानांवर पाहिले आहे. तोच प्रशिक्षक उठून उभा राहिला, त्याने कपाळाला हात लावला किंवा टॉवेल जमिनीवर आपटला, की त्याच्या मागे उभ्या असलेल्या लोकांना शिवीगाळ करण्याचा जणू परवानाच मिळतो. फुटबॉलच्या नियमकर्त्यांना हे पुरते कळलेले दिसते. 2019 पासून फुटबॉलमध्ये प्रशिक्षकालाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवता येते, आणि राखीव बाकावरून गैरवर्तन झाले पण नेमके कोणी केले हे ओळखता आले नाही, तर तिथे हजर असलेल्या सर्वांत ज्येष्ठ प्रशिक्षकाला कार्ड मिळते. आपल्या माणसांच्या वागण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, हे त्या नियमाने लिहूनच ठेवले आहे. रग्बीत निर्णयाविषयी पंचाशी कर्णधारानेच बोलायचे असते आणि कोणी हुज्जत घातली तर दंड दहा मीटर पुढे सरकतो. क्रिकेटच्या नियमांतही 2017 पासून गैरवर्तनासाठी पाच धावांच्या दंडापासून खेळाडूला मैदानाबाहेर काढण्यापर्यंतची तरतूद आहे.

कबड्डीतही ताकीद देण्यासाठी हिरवे, दोन मिनिटांच्या निलंबनासाठी पिवळे आणि सामन्यातून बाहेर काढण्यासाठी लाल कार्ड आहे. मग आमच्या मैदानावर ते खिशातून बाहेर का येत नाही? कारण ज्याला कार्ड दाखवायचे तो प्रशिक्षक वयाने मोठा असतो, कधी पंचाचा स्वतःचा गुरू असतो, कधी संघटनेत पदावर असतो. आणि आज जो पंच आहे तो उद्या आपल्या शाळेचा संघ घेऊन मैदानाच्या कडेला बसणार असतो आणि आजचा प्रशिक्षक तेव्हा शिट्टी घेऊन आत उभा असणार असतो. तालुका लहान आहे. शाळांच्या बैठका, प्रशिक्षणे, लग्नकार्ये सगळीकडे हीच माणसे एकमेकांसमोर येतात. एकट्या पंचाने हा संबंधांचा गुंता तोडावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. पंचाने कार्ड दाखवले तर आयोजक त्याच्या पाठीशी उभे राहतील, एवढी खात्री त्याला सामन्याआधी मिळाली पाहिजे. ती आज मिळत नाही.

पालकांविषयी लिहिताना मी हात आखडता घेतो, आणि ते मुद्दाम. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, काळीपिवळीत दाटीवाटीने बसून मुलीचा सामना बघायला आलेली आई ही आमच्या खेळाची खरी कमाई आहे. तिने ओरडून मुलीला बळ द्यावे, यात गैर काही नाही. शिवाय या सामन्यावर तिच्या घराचे बरेच काही लागलेले असते. दहावी-बारावीच्या परीक्षेत ठरावीक स्तरापर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यांना सवलतीचे क्रीडा गुण मिळतात, शासकीय नोकरीत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, आणि आमच्या गावागावांत पहाटे रस्त्याने धावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती आहे. तालुका जिंकला तर जिल्हा, जिल्हा जिंकला तर विभाग, विभागातून राज्य. ही वाट तालुक्याच्या एका हरलेल्या सामन्यात त्या वर्षापुरती बंद होते. शहरातल्या मुलाला दुसरी वाट असते. कोरडवाहू चार एकरांत कापूस आणि तूर पिकवणाऱ्या घरातील मुलीला कदाचित एवढीच असते. म्हणून त्या बापाचा आवाज चढतो तेव्हा त्यामागे काय आहे, ते मला दिसते. पण प्रमाणपत्राचे, गुणांचे आणि नोकरीचे हे सगळे ओझे मैदानातील सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकणे कोणत्याही हिशेबाने बरोबर नाही. त्याने नियम केलेले नाहीत, आरक्षण ठरवलेले नाही, वर्षातून एकच संधी मिळेल असे वेळापत्रकही त्याने लावलेले नाही.

आता पंच चुकतात का? निश्चित चुकतात. कधी नियमाचा अभ्यास कमी पडतो, कधी उभे राहण्याची जागा चुकते, कधी सलग सामन्यांनी नजर थकते. आणि पक्षपाताचा संशय प्रत्येक वेळी निराधार असतो, असेही मी म्हणणार नाही. ज्या शाळेचा संघ उपांत्य फेरीत आहे, त्याच शाळेचे शिक्षक दुसऱ्या उपांत्य सामन्यात पंच असतील तर लोकांच्या मनात शंका येणारच. माणूस कितीही सरळ असला तरी येणार. जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रस्तरीय आणि बीटस्तरीय स्पर्धांत तर हे टाळणे फार अवघड असते, कारण तिथे हजर असलेला प्रत्येक शिक्षक कोणत्या ना कोणत्या शाळेचाच असतो. यावर इलाज आहे आणि तो फार खर्चाचा नाही. शेजारच्या दोन तालुक्यांनी उपांत्य आणि अंतिम सामन्यांपुरती पंचांची अदलाबदल करावी, त्यांच्या नेमणुकीचे पत्र आधी द्यावे आणि प्रवासखर्च त्याच दिवशी हातात ठेवावा. एवढे केले तरी निम्म्या भांडणांचे कारणच उरणार नाही, असे माझे मत आहे.

तक्रारीचा मार्गही ठरलेला असतो. कर्णधाराने पंचाला शांतपणे विचारावे. संघ व्यवस्थापकाने ठरलेल्या मुदतीत, ठरलेले शुल्क भरून लेखी आक्षेप नोंदवावा. समितीने नियमपुस्तक समोर ठेवून निकाल द्यावा. गुण चुकीचा मांडला गेला, अपात्र खेळाडू खेळवला गेला, नियमाचा अर्थच चुकीचा लावला गेला, अशा बाबींत या मार्गाने न्याय मिळतो. पाय टेकला की नाही, हात लागला की नाही, अशा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीत मात्र पंचाचा निर्णय अंतिम मानावाच लागतो. नाही तर सामना कधी संपणारच नाही. या दोन प्रकारच्या तक्रारींतला फरक आम्ही प्रशिक्षकांनी पालकांना कधी समजावून सांगितलेला नाही.

यात आता मोबाइलची भर पडली आहे. 2014 पासून प्रो कबड्डी घराघरात पोहोचली, हे आमच्या खेळाच्या दृष्टीने फार चांगले झाले. मुली आज ज्या आत्मविश्वासाने घोट्याची पकड करतात, त्यात दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या सामन्यांचा वाटा आहे. पण तिथे अनेक कॅमेरे असतात आणि संघाला रिव्ह्यू मागता येतो, तसा तो इथेही मिळावा अशी अपेक्षा लोक धरू लागले आहेत. कडेला उभ्या असलेल्या माणसाने हातात धरून, हलत्या मोबाइलवर, तिरप्या कोनातून घेतलेली काही सेकंदांची चित्रफीत पंचाच्या तोंडासमोर धरली जाते आणि रात्रीपर्यंत ती गावाच्या व्हॉट्सॲप गटांवर पंचाच्या नावासह फिरते. पूर्वी मैदानावरचा राग मैदानावर राहत असे, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मिटत असे. आता तो पंचाच्या घरापर्यंत, त्याच्या मुलांच्या शाळेपर्यंत जातो. पंच परीक्षा दिलेली मुले शिट्टीला नकार देतात, त्याचे मोठे कारण मला हेच दिसते.

हा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेत शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने 2018-19 नंतरच्या काही हंगामांत सुमारे 50,000 पंचांनी काम सोडल्याचे सांगितले होते. इंग्लंडमध्ये 2023 साली स्थानिक फुटबॉलच्या पंचांच्या छातीवर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू करावा लागला. नेदरलँड्समधील आल्मेरे येथे डिसेंबर 2012 मध्ये तर किशोरवयीन मुलांच्या फुटबॉल सामन्यानंतर रेषापंचाला खेळाडूंनी मारहाण केली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. 41 वर्षांचा तो माणूस स्वतःच्या मुलाच्या सामन्यात विनामोबदला झेंडा घेऊन उभा होता. त्या गुन्ह्यात ज्यांना शिक्षा झाली, त्यांत सहा मुले होती आणि त्यांपैकी एकाचा बापही होता. त्यानंतरच्या शनिवार-रविवारचे सगळे हौशी फुटबॉल सामने तिथल्या महासंघाने रद्द केले. मुलाबरोबर मारायला धावलेला तो बाप मला विसरता येत नाही, कारण मैदानात घुसणारे बाप मी इथे पाहिले आहेत. सुदैवाने आजवर कोणी ना कोणी मध्ये पडले आहे.

मुलींच्या सामन्यांबाबत वेगळे सांगायला हवे. गावातले आईवडील मुलीला कबड्डीला पाठवतात तेव्हा सोबत शिक्षिका आहे का, मैदानावर वातावरण कसे आहे, हे आधी विचारतात. महिला पंच मैदानात असणे हा त्यांच्यासाठी मोठा आधार असतो. तिलाच सर्वांदेखत घाणेरडे बोलले गेले, तर तिथे बसलेल्या प्रत्येक खेळाडू मुलीला आणि तिच्या आईला जे समजायचे ते समजते. पुढच्या वर्षी पंच म्हणून ती येत नाही, आणि संघातील एक-दोन मुलीही येत नाहीत; दोन्हींचे कारण नोंदवहीत कुठेच लिहिले जात नाही.

विदर्भात तरी हे घडायला नको होते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून या मातीत शारीरिक शिक्षणाचे काम करत आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूने कबड्डीसह भारतीय खेळ आणि व्यायामप्रकार जगासमोर सादर केले. विदर्भातील कितीतरी शारीरिक शिक्षक अमरावतीत शिकून बाहेर पडले आहेत, आणि शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात पंचगिरी हा रीतसर शिकवला जाणारा विषय आहे. म्हणजे मैदानाच्या कडेला हात पसरून प्रेक्षकांकडे तोंड करणाऱ्या प्रशिक्षकाने स्वतः कधीतरी शिट्टी हातात घेऊन परीक्षा दिलेली असते. दोन पाय एकाच वेळी बघणे किती कठीण आहे, हे त्याला पालकांपेक्षा जास्त ठाऊक असते. म्हणून त्याच्याकडून माझी अपेक्षाही जास्त आहे.

आमच्या शाळेत आम्ही एक गोष्ट नियमाने करतो. सरावाच्या सामन्यांत संघातील प्रत्येक मुलाने आणि मुलीने आळीपाळीने पंच व्हायचे, आणि त्या वेळी मीही कडेला बसून त्यांचा निर्णय मान्य करायचा. नववीतील एका मुलीने पहिल्यांदा शिट्टी घेतली तेव्हा पाहता पाहता तीन चढायांत तिच्याकडून बोनस द्यायचा राहून गेला, कारण ती फक्त हातांकडे बघत होती. दुसऱ्या आठवड्यात ती न सांगता बोनस रेषेच्या समोर येऊन, थोडी वाकून उभी राहायला लागली. मैदानाच्या रेषेपासून काही अंतरावर दोर बांधून पालकांची जागाही आम्ही ठरवून दिली आहे, आणि सामन्याआधी दोन्ही संघांचे प्रशिक्षक पंचांना घेऊन पालकांसमोर जातात, त्यांचे नाव, शाळा आणि अनुभव सांगतात. नाव कळलेल्या माणसाला शिवी देताना लोक अडखळतात, एवढे तरी नक्की दिसले.

तालुक्याच्या क्रीडा शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी लेखी मांडणार आहे: शेवटच्या फेऱ्यांसाठी शेजारच्या तालुक्यातील पंच, प्रशिक्षकाने प्रेक्षकांना चिथावले तर त्याच्यावर त्याच सामन्यात कार्डाची कारवाई आणि त्या कारवाईला आयोजक समितीचा आधीच सहीनिशी पाठिंबा, आणि महिला पंचांना ने-आण करण्याची जबाबदारी आयोजकांकडे. वर उल्लेख केलेल्या त्या तरुणाला मी बैठकीला सोबत यायला सांगितले आहे. त्याने शिट्टी का नाकारली, हे त्यानेच सर्वांसमोर सांगावे अशी माझी इच्छा आहे, आणि तो यायला तयार झाला आहे.